गर्दी कोणाची, संघ कोणाचा?

(भोर व वेल्हे तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्ली येथे प्रो कबड्डी लीगचा अंतिम सामना झाला आणि दबंग दिल्लीने पुणेरी पलटणचा ३१-२८ असा पराभव केला. तीन गुणांची हार ही हार खरी, पण मानहानी नव्हे. तिच्याविषयी फार दुःख करण्याचे कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत झाले. पुण्यात एकही झाला नाही. म्हणजे ज्या संघाच्या नावात पुणे आहे तो संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, आणि पुणेकराला, मग भोरच्या किंवा वेल्ह्याच्या माणसाची गोष्टच सोडा, त्याच्या पायाची धूळही दिसली नाही.

व्यापाराच्या साध्या नियमाने पाहिले तर हे चमत्कारिक वाटेल. ज्या गावाचे नाव पाटीवर आहे त्या गावात दुकान वर्षभर उघडलेच नाही, तरी दुकान बंद पडले नाही. याचा उलगडा एकच असू शकतो : दुकानाचे खरे गिऱ्हाईक त्या गावात नव्हते. ते कोठे आहे हे पाहिल्याशिवाय आपल्या गावच्या कबड्डी मंडळांचे काय होणार, या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

२०१४ च्या जुलै महिन्यात आठ संघांनिशी ही लीग सुरू झाली. २०१७ साली संघ बारा झाले. लीग चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीचे ७४ टक्के भाग २०१५ साली स्टार या दूरचित्रवाणी कंपनीने घेतले. पुढे २०२१ साली प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क लिलावाने विकले गेले तेव्हा घेणारा स्टारच होता आणि किंमत होती ९०८ कोटी रुपये. विकणाऱ्याच्या घरात विकत घेणाऱ्याचाच मोठा हिस्सा, असा हा सौदा. संघमालकांची मुख्य मिळकत या मध्यवर्ती उत्पन्नातील वाटा आणि पुरस्कर्त्यांचा पैसा यांतून होते. दारावरच्या तिकिटाचा भाग त्यामानाने किरकोळ. अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते असे म्हणतात, पण येथे तीही लाभली. डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण हंगाम साथीच्या भयामुळे बंगळूरच्या एका हॉटेलात, एकाही प्रेक्षकाविना खेळला गेला. सामने झाले, जाहिराती झाल्या, विजेताही ठरला. प्रेक्षकावाचून खेळाचा धंदा चालू शकतो हे त्या दोन महिन्यांनी सिद्ध केले. मैदानाभोवतीचा माणूस तेव्हापासून त्या हिशेबात शोभेचा झाला.

लीगने काही चांगले केलेच नाही असे म्हणणे मात्र कोतेपणाचे होईल. २०१४ च्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला खेळाडू राकेश कुमार होता, त्याला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. मातीत खेळणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला एवढा दाम मिळावा याचा आनंदच मानला पाहिजे. नगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार होतो आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला संघाला पहिले अजिंक्यपद मिळवून देतो, ही गोष्ट एखाद्या वाडीवरच्या पोराच्या मनात काय पेरत असेल हे सांगावयास नको. तथापि बारा संघ आणि प्रत्येकी वीस-पंचवीस खेळाडू, म्हणजे देशभरात तीनशेच्या आत जागा. त्या तीनशेंच्या खाली जे हजारो उरतात त्यांना पूर्वी दुसरी एक वाट होती. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या आणि मोठे कारखाने आपापले संघ ठेवीत आणि खेळाडूला नोकरी देत. ती नोकरी साठीपर्यंत टिके. गुडघा गेला तरी पगार थांबत नसे. देना बँक २०१९ साली दुसऱ्या बँकेत विलीन झाली. एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत विकली गेली. या दोहोंचे कबड्डी संघ मुंबईच्या मैदानांवर मानाने खेळलेले आहेत. लिलावातील कोटींचे मथळे झळकत असताना आयुष्यभराच्या भाकरीची ही वाट अरुंद होत गेली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. स्त्रियांच्या वाट्याला तर मथळेही आले नाहीत. २०१६ साली तीन संघांची एक स्पर्धा पुरुषांच्या लीगसोबत भरविली गेली आणि तेवढ्यावरच आटोपली.

आता थोडे दूर जाऊ. इंग्लंडच्या उत्तरेस, कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या यांच्या मुलखात रग्बी लीग नावाचा खेळ खेळला जातो. तेरा-तेरा गड्यांचे संघ, लंबगोल चेंडू, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली घालणे हा त्यातला मुख्य भाग. सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. कबड्डीच्या माणसाला यात परके वाटावे असे थोडेच आहे. परंतु या खेळाचा जन्म अधिक ओळखीचा वाटेल. शनिवारी सामना खेळण्यासाठी कामगाराला पाळी बुडवावी लागे आणि मजुरीही बुडे. बुडालेल्या वेळेची भरपाई खेळाडूला द्यावी अशी उत्तरेकडील संघांची मागणी होती. लंडनच्या सुखवस्तू पुढाऱ्यांनी ती फेटाळली. खेळ हा हौसेचा, त्यात पैसा कशाला, हे त्यांचे म्हणणे. ज्याच्या घरी भाडेपट्टा येतो त्याला हे म्हणणे सोपे असते. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड या गिरणीगावातील एका हॉटेलात उत्तरेच्या संघांची सभा भरली आणि त्यांनी आपली निराळी संघटना काढली. बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग, एवढ्यावरून झालेली ही फाळणी आहे.

शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे पाळीवर जाणाऱ्या भोर-वेल्ह्याच्या तरुणाला हे सहा शिलिंग समजावून सांगण्याची गरज नाही. रविवारच्या सामन्यासाठी खाडा केला की त्या दिवसाचा पगार जातो, आणि दोन-तीन खाडे झाले की पुढच्या महिन्यात ठेकेदार दुसरा पोऱ्या उभा करतो. सामन्यात पाय मोडला तर तो त्याचा त्याने बांधावयाचा. एकशे तीस वर्षांपूर्वी ज्या मागणीवरून इंग्लंडात एक खेळ दुभंगला ती मागणी आपल्याकडे अजून कोणी केलेलीसुद्धा नाही.

त्या खेळाने गर्दीचे वैभव पाहिले. ५ मे १९५४ रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानावर चषकाच्या फेरसामन्याला १,०२,५६९ माणसे जमल्याची अधिकृत नोंद आहे. मग दूरचित्रवाणी आली, खाणी आणि गिरण्या मिटत गेल्या, आणि गर्दी ओसरली. फेदरस्टोन हे खाणकामगारांचे गाव, वस्ती जेमतेम पंधरा हजारांच्या घरातली. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी. या गावाच्या संघाने १९६७, १९७३ आणि १९८३ अशी तीनदा देशाची चषकस्पर्धा जिंकली. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला आणि लगेच १९८५ मध्ये तेथील खाण बंद झाली. पुढे दहा वर्षांनी मर्डॉक यांच्या दूरचित्रवाणीने पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख पौंड देऊ केले आणि लीगची नवी मांडणी सुचविण्यात आली. तीत फेदरस्टोन आणि शेजारच्या दोन गावांचे संघ मोडून त्यांचा मिळून एक संघ करावा, अशी योजना होती. नकाशावर ती फार शहाणपणाची दिसत होती. गावकऱ्यांनी मात्र मैदानावर उतरून ती हाणून पाडली.

पण निषेधाने सगळेच वाचते असे नाही. लीड्समधील हन्स्लेट या जुन्या संघाचे मैदान विकले गेले आणि १९७३ साली क्लबच गुंडाळला गेला. मैदान ही त्या क्लबची एकमेव मौल्यवान मालमत्ता होती. भागधारकांनी मत दिले की ती रोख होते. प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या त्या कठड्याला टेकून उभे राहिले होते, पण भागधारकांच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. त्याच वर्षी त्यांनी नव्या नावाने संघ उभा केला, तो दुसऱ्याच्या मैदानावर खेळण्यासाठी. सिडनीतील साउथ सिडनी या कामगारवस्तीच्या क्लबची कथा थोडी वेगळी आहे. १९०८ साली स्थापन झालेल्या या क्लबला १९९९ च्या अखेरीस लीगमधून काढण्यात आले, कारण संघांची संख्या कमी करावयाची होती. तो क्लब वर्गणीदार सभासदांचा होता. सभासदांनी निधी जमविला, न्यायालयात गेले. २००० च्या नोव्हेंबरात सुमारे ऐंशी हजार लोक रस्त्यावर आले, आणि २००२ च्या हंगामात क्लब परत खेळू लागला. मात्र याच सभासदांनी २००६ साली मतदान करून ७५ टक्के मालकी दोन धनिकांना दिली. पैशाची चणचण होती. उरलेले पंचवीस टक्के त्यांनी राखले, हेही नमूद केले पाहिजे.

ऑस्ट्रेलियातील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. न्यू साउथ वेल्स राज्याने १९५६ साली क्लबांमध्ये जुगाराच्या यंत्रांना परवानगी दिली आणि पुष्कळ रग्बी लीग क्लब त्या उत्पन्नावर पोसले गेले. दारावर जे मिळत नव्हते ते त्याच प्रेक्षकाच्या खिशातून मागच्या खोलीत काढून घेतले. आपल्या कबड्डी लीगच्या पुरस्कर्त्यांतही पैसे लावून संघ रचण्याचे मोबाइलवरील खेळ चालविणारी कंपनी होती. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशाच्या अशा खेळांवर बंदी आली. क्लब जगला, पण कोणाच्या जिवावर, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

येथे अर्थशास्त्रातील एका जुन्या निबंधाची आठवण करणे योग्य होईल. वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली असे दाखवून दिले की, खेळाचा धंदा इतर धंद्यांहून उफराटा असतो. साबण करणाऱ्याला वाटते, सगळे प्रतिस्पर्धी बुडावेत. जो लुई या मुष्टियोद्ध्याला मात्र तोडीचा प्रतिस्पर्धी नसेल तर प्रेक्षक येणार नाहीत आणि मिळकतही होणार नाही. निकाल अनिश्चित असणे हाच विकावयाचा माल. या परिसरातल्या माणसाला यात नवीन काहीच वाटणार नाही. यात्रेच्या कुस्त्यांच्या फडात पंच काय करतात? जोड लावतात. वजन, अंगकाठी, तालीम पाहून तोडीस तोड गडी निवडतात. विजोड लागली की लोक फडातच ओरडा करतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या निकाली कुस्तीपर्यंत इनाम चढत जाते, पण जोड सगळीकडे सारखीच पाहिली जाते. नील यांनी सूत्र मांडले. ते सूत्र पाळण्याची रीत येथे हलगीच्या तालावर चालत आलेली आहे.

त्या फडाचा खर्च कसा भागे, हे अधिक महत्त्वाचे आहे. तिकीट नाही. बांधावर, उतारावर, देवळाच्या ओवरीवर बसून कोणीही पाहावे; परगावच्या माणसालाही मज्जाव नाही. अर्थशास्त्र म्हणेल, फुकट पाहता येणाऱ्या गोष्टीला पैसा कोणी देणार नाही. येथे पैसा उभा राही तो घरटी पट्टीने. प्रत्येक उंबऱ्यामागे ठरलेली रक्कम, आणि मुंबईला गेलेल्यांची वेगळी वर्गणी. भाताची एकपिकी जमीन आणि भाटघरसारख्या धरणांखाली गेलेली शिवारे यांमुळे या डोंगरी मुलखातला माणूस गिरण्यांत, गोदीत, माथाड्यांच्या टोळ्यांत गेला. गावच्या खोलीवर राहिला आणि यात्रेला पट्टी पाठवीत राहिला. कबड्डी मंडळही याच झऱ्यावर जगले. भातकापणीनंतर खाचर सुकले की त्यातच मैदान आखावयाचे, चुन्याची फक्की गावाची आणि बनियन मुंबईकरांचे. यात्रा संपल्यावर देवळात बसून हिशेब वाचला जाई. नारळ किती, हलगीवाल्याचे किती, उरले किती. ज्याने पाच रुपये दिले तोही उठून विचारू शके. या विचारण्याच्या हक्कामुळेच पुढच्या वर्षी पट्टी मिळे.

या रीतीला सोवळे ठरविण्याचे कारण नाही. पट्टी भरणारा उंबरा म्हणजे घरातला पुरुष. गावकुसाबाहेरच्या वस्तीची पट्टी घेताना आणि तिला मान देताना हात आखडले गेले, हेही खरे. पण तत्त्व त्यात होते.

ते मोडले कसे? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाला आणि गावोगावच्या मुंबईकर मंडळांची कंबर मोडली. ज्या लालबाग-परळच्या पटांगणांत कबड्डी वाढली तेथे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. पुण्याच्या बाजूने महामार्ग रुंदावला, जमिनीला भाव आला, आणि राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी शेतघरांचे प्लॉट पडू लागले. आता सामने मातीवर नव्हे, मॅटवर व्हावेत अशी अपेक्षा असते आणि मॅटची किंमत लाखांच्या घरात जाते. अशा वेळी एक माणूस पुढे येतो. तो मॅट देतो, बनियन देतो, लाखाचे पहिले बक्षीस देतो, आणि मैदानाच्या चारही बाजूंना त्याचे फलक लागतात. गर्दी होते, दिव्यांचा लखलखाट होतो. यजमान मंडळाचे पोरगे मात्र पहिल्याच फेरीत बाहेर पडते, कारण बक्षिसाच्या रकमेने बाहेरचे सराईत संघ येतात आणि जोड विजोड होते. हिशेब वाचण्याचा प्रश्नच उरत नाही. पैसा एकाचा, त्याला कोण विचारणार? निवडणूक लागून गेली की पुढच्या वर्षी स्पर्धा होईलच असे नाही. कार्यकर्त्यांनी रागावू नये, पण हे केवळ सत्ताधारी पक्षांचेच लोक करतात असे नाही. चार पैसे असलेला आपला माणूसही याच वाटेने जातो, कारण वाट सोपी आहे.

बालेवाडीची लीग आणि गावची ही चषकस्पर्धा यांत आकाराचा फरक आहे, जातीचा नाही. दोन्हींकडे गर्दी लागते ती दाखविण्यासाठी. दोन्हींकडे पैसा देणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. म्हणून देणाऱ्याने हात काढला की पाहणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. फेदरस्टोनचे लोक आपला संघ राखू शकले आणि हन्स्लेटचे मैदान राखू शकले नाहीत, यातला भेद प्रेमाचा नव्हता. प्रेम दोन्हीकडे सारखेच होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, वर्गणीने आता काय होणार? आकडा मांडून पाहावा. समजा, दोनशे उंबऱ्यांचे गाव आहे आणि घरटी महिना वीस रुपये जमले, तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार होतात. यात लाखाचे बक्षीस बसत नाही, आणि न बसलेलेच बरे. पण सरावाला येणाऱ्या पंधरा-वीस मुलामुलींचा अपघात विमा, जिल्हा संघटनेची शुल्के, प्रवास, आणि खाडा करणाऱ्या कामगार खेळाडूला त्या दिवसाची मजुरी, एवढे त्यात बसविता येते. मॅटसाठी शेजारच्या चार गावांनी मिळून एक घ्यावी. भातझोडणीचे यंत्र जसे आळीपाळीने फिरते तशी ती फिरेल. देणगीदाराचा पैसा नाकारण्याचेही कारण नाही. त्याने सभासद म्हणून द्यावा, पावती घ्यावी आणि हिशेबाच्या दिवशी इतरांबरोबर खाली बसावे. सून आणि लेक यांची नावे सभासदांच्या वहीत स्वतंत्र असावीत, आणि वस्ती कोणतीही असो, वही एकच असावी. मंडळ नोंदलेले असेल तर हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे दर वर्षी द्यावाच लागतो. पुष्कळ मंडळांचे तो देणे वर्षानुवर्षे थकलेले असते, आणि मग ऐन अडचणीच्या वेळी मंडळाला कायद्याने तोंडच राहत नाही.

आणि जमिनीचे आधी पाहावे. आज पोरे जेथे खेळतात ती जागा गायरान आहे, देवस्थानची आहे, शाळेची आहे, की कोणा भावकीच्या खाचरात उन्हाळ्यापुरती उसनी मिळालेली आहे? दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या मैदानाचा सातबारा काढावा आणि त्यावर कोणाचे नाव आहे, इतर हक्कांत काय नोंद आहे, हे लिहून आणावे. जेथे जागा ग्रामपंचायतीची आहे तेथे ती मैदान म्हणून राखल्याचा ठराव ग्रामसभेत झाला आहे काय, हेही पाहावे. भातकापणी आटोपली की सामने सुरू होतील आणि मग कोणाला सवड राहणार नाही; तलाठी कार्यालयातले हे काम त्यापूर्वीच उरकावे लागेल.